मांजराने रस्सा चाखला, तर पुढे काय?

भाजलेला कांदा, सुके खोबरे, लसूण आणि वर तर्रीचा लाल तवंग, हे अमरावती-अकोल्याकडच्या मटणाच्या रश्शाचे गमक. पंगत उठते, पातेले ओट्यावर उघडे राहते आणि घरातले मांजर तळाचा रस्सा व मसाला लागलेले तुकडे चाटूनपुसून साफ करते. कोणी हसते, कोणी रागावते. मांजर मात्र खिडकीत बसून अंग चाटते, रात्री नेहमीसारखे झोपते, दुसऱ्या दिवशी खेळतेही. प्रकरण मिटल्यासारखे वाटते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते कोपरा धरते, खाणे टाकते, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी तांबूस होते. तोवर त्या पातेल्याची आठवण कोणालाच राहिलेली नसते. ‘काही वेगळे खाण्यात आले का?’ या पशुवैद्याच्या प्रश्नाला घरातून अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच उत्तर जाते.

माणसाचे अन्न खाऊन मांजर आजारी पडते, तेव्हा घात करणाऱ्या गोष्टी बहुधा दोन असतात. पहिली म्हणजे विष पोटात गेल्यानंतरही काही काळ ते ठणठणीत दिसते आणि घरचे निर्धास्त होतात. दुसरी म्हणजे घरगुती उपाय. मीठपाणी, दूध, तूप, तापाची गोळी, एक दिवस लंघन, यांतले काहीच मांजराला मानवत नाही. काही वेळा तर खाल्लेल्या पदार्थापेक्षा उतारा म्हणून दिलेली गोष्टच अधिक घातक ठरते.

कांद्याचे विष उशिरा का कळते

मांजर हे पूर्णतः मांसाहारी वळणाचे जनावर आहे. कांदा-लसणातील गंधकाची संयुगे पचनानंतर रक्तातील तांबड्या पेशींवर हल्ला करतात आणि हिमोग्लोबिनची मोडतोड होते. माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये अशा हल्ल्याला बळी पडणाऱ्या जागा दोन, कुत्र्याच्या चार, तर मांजराच्या आठ असतात. मोडलेल्या हिमोग्लोबिनचे बारीक गोळे पेशीच्या कडेला चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या या गोळ्यांना ‘हाइन्झ बॉडीज’ म्हणतात. रॉबर्ट हाइन्झ या जर्मन वैद्याने १८९० मध्ये त्यांचे वर्णन केले. (सॉसच्या बाटलीवरच्या हाइन्झशी त्याचा संबंध नाही, पण सॉसमध्ये कांद्याची भुकटी असू शकते, हे येथे सांगून ठेवणे बरे.) खराब झालेल्या पेशी गाळून काढण्याचे प्लीहेचे कामही मांजरात तितकेसे चोख होत नाही. त्या पेशी रक्तात फिरत राहतात, हळूहळू फुटतात आणि तीन ते पाच दिवसांत रक्त कमी झाल्याची चिन्हे उघडी पडतात. पहिल्या दिवशी झाल्याच तर एखाद-दोन उलट्या किंवा थोडी हगवण होते. मांजराच्या उलटीकडे तसेही कोणी फारसे लक्ष देत नाही.

प्रमाणाचा हिशेब करणे सोपे आहे. मांजराच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे पाच ग्रॅम कांदा पोटात गेला, तर रक्तावर दखल घेण्याजोगा परिणाम होऊ शकतो. घरातले मांजर साधारण चार किलोंचे धरले, तर हा आकडा २० ग्रॅमवर येतो, म्हणजे मध्यम कांद्याचा पाचवा हिस्सा किंवा चिरलेल्या कांद्याचे दोन मोठे चमचे. कुत्र्याला अपाय होण्यास दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा लागतो. ‘आमचा कुत्रा तर रोज खातो’ हा शेजाऱ्यांचा दाखला त्यामुळे गैरलागू ठरतो. लसूण कांद्यापेक्षा कित्येक पट तीव्र असतो. जवसाच्या चटणीतला किंवा ठेच्यातला लसूण म्हणूनच थोडा असला तरी दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. शिजवल्याने, भाजल्याने किंवा तळल्याने हे विष जात नाही. वाळवल्याने ते दाट होते. सूपची पाकिटे, नूडल्सचा मसाला, वेफर्स यांतली कांद्याची भुकटी यासाठीच लक्षात ठेवावी.

दररोज थोडे थोडे मिळाले तरी परिणाम साचत जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कांद्याची भुकटी असलेले लहान मुलांचे डबाबंद अन्न खाणाऱ्या मांजरांच्या रक्तात हाइन्झ बॉडीज वाढलेल्या आढळल्या. आजारी मांजराने काही खावे म्हणून तेथे असे अन्न दिले जात असे. आपल्याकडे त्याची जागा रश्शात कालवलेला भात घेतो. रोज संध्याकाळी हा भात खाणारे मांजर वर्षभर जगले म्हणजे त्याला तो मानवतो, असे नाही. त्याचे रक्त किती उतरले आहे, हे कोणी तपासलेलेच नसते.

बाकीचे पदार्थ

चॉकलेटची भीती सर्वांत जास्त बोलली जाते. मांजरांच्या बाबतीत ती अंमळ कमी खरी ठरते. मांजराला गोड चवच कळत नाही. गोडी ओळखणारे त्याचे एक जनुक निकामी झालेले आहे, हे २००५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले. मिठाईकडे ते वळते ते त्यातल्या दुधातुपाच्या स्निग्धतेसाठी. खाल्लेच, तर चॉकलेटमधले थिओब्रोमिन आणि कॅफीन हृदयाची गती वाढवतात, अंग थरथरते, झटकेही येऊ शकतात. दर किलोमागे २० मिलिग्रॅमपासून लक्षणे सुरू होतात. चार किलोंच्या मांजराला दुधाळ चॉकलेट ४० ग्रॅमच्या आसपास, गडद चॉकलेट त्याच्या निम्म्याहून कमी, तर कोको पावडर एक-दोन चहाचे चमचेही पुरते. कॉफीचेही तसेच. चिखलदऱ्याची कॉफी वऱ्हाडातल्या घरांत कौतुकाने येते. तिची पूड किंवा गाळलेला चोथा उघड्या कचऱ्यात टाकू नये.

द्राक्षे, मनुका आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक असल्याचे पक्के ठाऊक आहे. त्यांतले टार्टारिक आम्ल यास कारण असावे, असे अलीकडच्या काही वर्षांत मानले जाऊ लागले. चिंचेतही हेच आम्ल असते. मांजरांत अशा विषबाधेच्या नोंदी तुरळक आहेत. तरीही बेदाणे खाल्ल्यास पशुवैद्याला कळवावे. साखरविरहित च्युइंगममधले झायलिटॉल कुत्र्यांचा जीव घेते, मांजरांना त्याचा तितका त्रास होत असल्याचे दिसत नाही. मद्याचा मात्र एखादा चमचाही लहान मांजराला गुंगीत आणि श्वास मंदावण्यापर्यंत नेऊ शकतो.

शिजवलेली हाडे हा वेगळाच प्रकार आहे. शिजल्यावर कोंबडीचे हाड ठिसूळ होते आणि मोडताना टोकदार ढलप्या निघतात. त्याहून वाईट म्हणजे दोरा. मांसाला बांधलेला, पुडीवरचा किंवा हाराचा, मटणाचा वास लागलेला दोरा मांजर गिळते. तो तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबताना दिसला, तर ओढू नये. आतड्यात अडकलेला दोरा ताणला गेला की आतडे करवतीसारखे कापत जातो. पोटात न लोटता, न तोडता, आहे तसा दवाखाना गाठावा.

पहिल्या तासातले काम

मांजराने काही खाल्ल्याचे लक्षात आले की पहिले काम म्हणजे उरलेले अन्न उचलणे आणि मांजराला एका खोलीत बंद करणे. ते बाहेर निघून गेले, तर पुढचे सारेच अवघड होते. दुखणाईत मांजर लपून बसते. घरात दुसरे मांजर असल्यास दोघांना वेगळे ठेवावे, म्हणजे उलटी कोणाची आणि लघवी कोणाची हे कळते. तोंडात तुकडा दिसत असेल आणि मांजर चावत नसेल तरच तो काढावा.

त्यानंतर लगेच फोन करावा, लक्षणांची वाट पाहू नये. पशुवैद्याला ऐकायचे असते ते थोडके आणि नेमके: मांजराचे वजन, वय, काय खाल्ले, किती, केव्हा, आणि आता ते कसे आहे. ‘वजन साधारण चार किलो, रात्री नऊच्या सुमारास रश्शातले पाच-सहा तुकडे, किलोभर मटणाला सहा कांदे आणि एक गड्डा लसूण होता’ एवढे सांगता आले, तर डॉक्टरांचा निम्मा हिशेब फोनवरच होतो. येथे स्वयंपाक करणाऱ्याची साक्ष सर्वांत मोलाची. मसाल्यात काय गेले हे त्यालाच ठाऊक असते. पदार्थ पाकिटातला असेल तर पाकीट सोबत न्यावे. उलटी झाली असल्यास तिचा थोडा अंश झाकणाच्या डबीत घ्यावा किंवा मोबाइलवर छायाचित्र काढावे. वजन माहीत नसेल तर मांजराला उचलून काट्यावर उभे राहावे आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करावे.

आता जे करू नये त्याविषयी. मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याची पद्धत घराघरांत आहे. मांजराच्या लहानशा देहात एवढे मीठ गेल्यास रक्तातील सोडियम धोक्याच्या पातळीला पोहोचते आणि मेंदूला इजा होते. घशात बोट घालणे निरुपयोगी असून त्यात चावा मात्र खात्रीने मिळतो. कुत्र्यांसाठी काही ठिकाणी वापरले जाणारे हायड्रोजन पेरॉक्साइड मांजराच्या जठराच्या अस्तराला जाळते आणि रक्ताच्या उलट्या होतात. तूप किंवा एरंडेल जबरदस्तीने पाजले, तर ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होण्याची भीती असते. तेलकट पदार्थ घशाशी जाणवतच नाही, त्यामुळे ठसकाही लागत नाही.

मांजर आणि दूध यांची जोडी तर म्हणींनी पक्की करून ठेवली आहे. ‘विष उतरते’ म्हणून वाटीभर दूध पुढे केले जाते. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. हगवण लागते, अंगातले पाणी कमी होते आणि मूळ विषबाधेची लक्षणे झाकोळून जातात. दूध कांद्याचा उतारा नाही, चॉकलेटचाही नाही.

सर्वांत गंभीर चूक मात्र गोळीची. मांजर मलूल दिसते, अंग गरम लागते, म्हणून घरातली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी पाण्यात विरघळवून दिली जाते. माणसाचे यकृत हे औषध ज्या मार्गाने निकामी करते, तो मार्ग मांजरात जवळजवळ बंद असतो. संबंधित जनुकच मोडलेले आहे, हे २००० साली स्पष्ट झाले. पाचशेच्या गोळीचा अर्धा भागही चार किलोंच्या मांजराचा प्राण घेऊ शकतो. काही तासांत हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास धापेवर येतो. कांद्याने ज्या तांबड्या पेशी आधीच दुबळ्या झालेल्या असतात, त्यांवर हा दुसरा घाव. अशी गोळी दिली गेली असल्यास ती गोष्ट लपवू नये. अॅसिटिलसिस्टीन हा तिचा उतारा उपलब्ध आहे आणि तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी पडतो. आयब्युप्रोफेन आणि अॅस्पिरिन यांनाही हाच निषेध लागू आहे.

दवाखाना कोणता, किती दूर

अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यकीय व पशुविज्ञान संस्था आहे. नागपूरला २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची ती घटक संस्था. अमरावतीकरांना जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आणि शहरातले खासगी दवाखाने जवळचे. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी १९५८ पासूनचे नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय हा पुढचा टप्पा. १९६२ या क्रमांकावरची फिरती पशुवैद्यकीय पथके मुख्यतः गायी-म्हशी-शेळ्यांसारख्या पशुधनासाठी आहेत. विषबाधा झालेल्या मांजरासाठी त्यांच्यावर विसंबून वेळ काढणे योग्य नव्हे. सरकारी दवाखान्याची वेळ आणि रात्री फोन उचलणाऱ्या खासगी पशुवैद्याचा क्रमांक आधीच विचारून ठेवावा. मेजवान्या रात्री होतात आणि मांजरेही रात्रीच पातेली धुंडाळतात.

जून २०२२ मध्ये लोणी ते माना या ७५ किलोमीटरच्या पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी थर टाकून अमरावती-अकोला महामार्गाने गिनेस विक्रम केला. दोन शहरांमधली ये-जा सोपी झाली खरी. तथापि विषबाधेच्या पहिल्या तासात मोठ्या दवाखान्याच्या शोधात शंभर किलोमीटर जाण्यापेक्षा गावातल्या पशुवैद्याकडून उलटी करवून घेणे अधिक हिताचे. पोटातला पदार्थ बाहेर काढण्याचा उपयोग साधारण पहिल्या एक-दोन तासांतच होतो. पशुवैद्य त्यासाठी इंजेक्शन देतो, पुढे गरजेनुसार सक्रिय कोळसा देतो. हा कोळसा म्हणजे चुलीतला किंवा शेगडीतला कोळसा नव्हे, हे सांगावे लागते. प्रवास लांबचा असेलच, तर प्राथमिक उपचारांनंतर निघावे. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा टोपली उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये. हवा खेळती राहील असे ओलसर सुती कापड वर टाकावे. तोंड उघडून धापा टाकणे कुत्र्यात नेहमीचे असते, मांजरात ती धोक्याची खूण समजावी.

दवाखान्यात रक्ताची तपासणी होते. पहिल्या दिवशीचा अहवाल चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नये. तीन-चार दिवसांनी ती पुन्हा करावी लागते, कारण घसरण तेव्हाच दिसते. रक्त फारच उतरले तर प्राणवायू आणि रक्त द्यावे लागते. मांजरांचे रक्तगट अ, ब आणि अब असे असतात. ब गटाच्या मांजराला अ गटाचे रक्त चढवले, तर प्राणघातक प्रतिक्रिया येऊ शकते. त्यामुळे आयत्या वेळी शेजारच्या बोक्याचे रक्त जुळवल्याशिवाय चढवता येत नाही, आणि ही सोय प्रत्येक दवाखान्यात असेलच असे नाही. लवकर फोन करण्याचे महत्त्व येथे कळते.

पाच दिवसांची पाळत

पशुवैद्याने घरी पाठवल्यावर किमान पाच दिवस मांजर घराबाहेर सोडू नये. रोज सकाळी खिडकीच्या उजेडात ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात. गुलाबी असाव्यात, पांढऱ्या, पिवळट किंवा तपकिरी दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना. लघवीसाठी मातीऐवजी पांढऱ्या कागदाचे तुकडे पसरले, तर तांबूस रंग लगेच दिसतो. झोपलेल्या मांजराचा श्वास मिनिटाला २० ते ३० असतो. तो ४० च्या वर टिकून राहिला, तर ते लक्षण समजावे.

खाण्याविषयी घरोघरी एक समजूत आहे, ‘पोटाला आराम हवा, एक-दोन दिवस लंघन पडू दे.’ माणसासाठी ती कशीही असो, मांजराला ती लागू नाही. दोन-तीन दिवस काही न खाल्लेल्या मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचू लागते आणि ते स्वतंत्र दुखणे होऊन बसते. उलट्या थांबल्यावर उकडलेल्या कोंबडीचे बिनमिठाचे, बिनमसाल्याचे बारीक तुकडे थोडे थोडे द्यावेत. पाणी सतत पुढे असावे. चोवीस तास तोंडच लावले नाही, तर पुन्हा फोन करावा.

एक प्रसंग असा आहे की ज्यात अन्न हेच आमिष असते. धान्याच्या गोदामांत, डाळ मिलांच्या आसपास आणि जुन्या वाड्यांत उंदरांसाठी पोळीच्या किंवा कणकेच्या गोळ्यात औषध घालून ठेवतात. त्यातले झिंक फॉस्फाइड जठरातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू सोडते. पोटात अन्न असले की आम्ल वाढते आणि वायूही वाढतो. म्हणून अशा मांजराला काहीही खाऊ घालू नये. त्याच्या उलटीतूनही तो वायू निघतो, तेव्हा खोलीच्या खिडक्या उघडून मगच जवळ जावे. ब्रोमाडिओलोनच्या वड्यांचा परिणाम मात्र दोन-तीन दिवसांनी रक्तस्रावाच्या रूपाने दिसतो आणि जीवनसत्त्व के दीर्घकाळ द्यावे लागते. दोन्हींचे उपचार निराळे असल्याने औषधाचे वेष्टन टाकून देऊ नये.

लग्नसराईत मंगल कार्यालयांच्या मागे उष्ट्या पत्रावळींचे ढीग लागतात आणि परिसरातली मांजरे त्यावर जगतात. त्यांना कोणी वजन करून पाहणारे नसते, की चौथ्या दिवशी हिरड्या तपासणारे. त्यांच्यासाठी काही काढायचे असेल, तर मांस उकडून झाल्यावर, कांदा-लसणाची फोडणी पडण्यापूर्वी, आठ-दहा तुकडे हाडे काढून वेगळ्या थाळीत ठेवावेत. आचाऱ्याला ते आधी सांगावे लागते. एकदा वाटण पडले की मग काढून उपयोग नसतो.